तीन आठवड्यांत 'पार्टीवाली' झाले, आता मागे कशी येऊ?

"ताई, मी १८ वर्षांची आहे. युनिव्हर्सिटी सुरू होऊन तीन आठवडे झालेत, घरापासून लांब हॉस्टेलवर राहते. शाळेत मी एकदम गप्प मुलगी होते. इथे पहिल्याच रात्री आमच्या फ्लोअरवर पार्टी होती, एक ड्रिंक घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मला अनोळखी लोकांशी बोलता आलं, मी बोलले की लोक हसत होते. मग दर दोन दिवसांनी काहीतरी असायचंच. आता सगळे मला 'पार्टीवाली' म्हणतात. गेल्या शनिवारी किती प्यायले माहीत नाही, साडेदहानंतरचं काहीही आठवत नाही. रूममेटने रूमवर आणलं. ती म्हणते की मी छान बोलत होते, नाचत होते, कोणाला काही कळलंही नाही. पण दुसऱ्या दिवसापासून छातीत धडधड, आपल्या हातून काहीतरी भयंकर झालंय असं दोन दिवस वाटत होतं. मला हे कमी करायचंय, पण प्यायले नाही तर मी परत ती जुनी गप्प मुलगी होईन आणि हे सगळे जातील. शुक्रवारी परत मोठी पार्टी आहे. काय करू? आणि आईला सांगू का?"

अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मी आधी शनिवारबद्दल बोलणार आहे, मित्रांबद्दल नंतर, कारण तू साडेदहाची गोष्ट पत्रात मधेच एका ओळीत टाकून पुढे गेलीयस आणि मला तिथून पुढे जाताच येत नाहीये. साडेदहानंतर तू झोपली नव्हतीस. तू जागी होतीस, चालत होतीस, नाचत होतीस, लोकांना उत्तरं देत होतीस, आणि तुझा मेंदू त्यातलं काहीच साठवून ठेवत नव्हता. ह्याला ब्लॅकआऊट म्हणतात आणि बेशुद्ध पडणं वेगळं, हे वेगळं. मेंदूत हिप्पोकॅम्पस म्हणून एक भाग असतो, आत्ता घडतंय ते पक्क्या आठवणीत नेऊन ठेवायचं काम त्याचं, आणि रक्तात दारू भराभर चढली की तो ते काम बंद करतो. रक्तातलं प्रमाण साधारण ०.१६ टक्क्यांच्या आसपास गेलं की हे व्हायला लागतं, रिकाम्या पोटी आणि पटापट प्यायलं की लवकर. म्हणून मग त्या आठवणी "नंतर आठवतील" असं होत नाही, त्या कधी तयारच झाल्या नाहीत. तेव्हा आठवायचा प्रयत्न करून स्वतःला छळू नकोस, तिथे शोधायला काही नाहीये.

आणि "कोणाला काही कळलंही नाही" हे तुझ्या रूममेटने तुला धीर द्यायला सांगितलं असेल, पण मला त्याचीच भीती वाटते. तुझ्याकडे बघून समोरच्याला कळत नाही की ही मुलगी आत्ता निर्णय घेण्याच्या अवस्थेत नाही. तू हो म्हणालीस, कोणाच्या गाडीत बसलीस, कोणाबरोबर बाहेर गेलीस, तर बघणाऱ्याला वाटणार की हिची इच्छा आहे. रूममेट तुझ्यासोबत होती म्हणून बरं झालं. तरी एकदा तिच्यासोबत शांतपणे बस आणि साडेदहा ते झोपेपर्यंतचा वेळ तिच्याकडून ऐकून घे, मधला काही वेळ ती तुझ्याजवळ नव्हती का, तेही विचार. आणि त्या रात्रीचं काहीही, अंगावरची एखादी खूण, कोणाचा एखादा विचित्र मेसेज, तुला टोचत असेल तर आजच डॉक्टरकडे जा, उद्यावर टाकू नकोस, आणि जाताना "माझीच चूक होती" हे वाक्य सोबत नेऊ नकोस. प्यायलेल्या मुलीशी कोणी वाईट वागलं तर तो वागणाऱ्याचा गुन्हा असतो, पिणारीचा नाही. मला हे लिहावं लागतंय ह्याचं वाईट वाटतं, पण न लिहिता पुढे जाणं जास्त वाईट.

आता ती धडधड. "आपल्या हातून काहीतरी भयंकर झालंय" असं जे दोन दिवस वाटत होतं ना, त्यातला बराच भाग शरीराचा आहे, तुझ्या वागण्याचा नाही. दारू मेंदूला शांत करणाऱ्या गोष्टी वाढवते आणि उत्तेजित करणाऱ्या दाबते, मग मेंदू तोल सांभाळायला उलट्या बाजूने जोर लावतो, आणि दारू उतरली तरी तो जोर लगेच जात नाही. त्यातून सकाळची भीती, हात थरथरणं, छातीत धडधड, शिवाय झोपही तुकड्यातुकड्यांची झालेली असते कारण दारू झोप आणते पण नीट टिकू देत नाही. ज्यांना मुळातच लोकांची धास्ती वाटते त्यांना ही दुसऱ्या दिवशीची भीती जरा जास्तच छळते. म्हणजे बघ, लोकांची भीती वाटते म्हणून प्यायची, प्यायलं की दुसऱ्या दिवशी भीती दुप्पट, मग परत पार्टीची वेळ आली की ती भीती घालवायला परत ग्लास. तीन आठवड्यांत तू ह्या चक्रात दोनतीन फेऱ्या मारल्यासुद्धा असशील.

"किती प्यायले माहीत नाही" ह्यावर मी तुला रागवणार नाही कारण हॉस्टेलच्या पार्टीत ते कोणालाच माहीत नसतं. प्लास्टिकच्या ग्लासात कोणीतरी डोळ्यांच्या अंदाजाने ओततं, वरून कोल्ड्रिंक, अर्धा संपला की कोणीतरी प्रेमाने परत भरतं, आणि तू मनात मोजतेस "एकच ग्लास". हिशोब असा आहे की ४० टक्क्यांच्या दारूच्या ३० एमएलमध्ये साडेनऊ ग्रॅमच्या आसपास शुद्ध अल्कोहोल असतं, ५ टक्क्यांच्या ३३० एमएल बिअरमध्ये १३ ग्रॅम, आणि ८ टक्क्यांच्या ५०० एमएलच्या एका कॅनमध्ये तब्बल ३१-३२ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना १० ग्रॅमला एक ड्रिंक धरते, म्हणजे तो एक कॅन म्हणजे तीन ड्रिंक झाली आणि तू मोजलंस एक. लिव्हर साधारण तासाला एक ड्रिंक ह्या वेगाने काम करतं आणि त्याला घाई करता येत नाही, ना कॉफीने, ना थंड पाण्याच्या अंघोळीने, ना उलटी करून. वर बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं म्हणून तुझ्याच वजनाच्या मुलाने प्यायलं तेवढंच तू प्यायलंस तरी तुझ्या रक्तात जास्त चढणार, ह्यात कॅपॅसिटी वगैरे काही नसतं. ग्रुपमधला एखादा "ही माझ्याबरोबरीने पिते" असं कौतुकाने सांगत असेल तर त्याला ही गोष्ट सांग, किंवा नको सांगूस, स्वतःपुरती लक्षात ठेव. एनर्जी ड्रिंकमध्ये मिसळलेलं तर घेऊच नकोस, कॅफिनमुळे झोप येत नाही म्हणून आपल्याला वाटतं चढली नाहीये, रक्तात मात्र तेवढीच असते.

बरं, आता तुझा खरा प्रश्न. एक ड्रिंक घेतलं आणि पहिल्यांदा बोलता आलं. ह्याला मी खोटं म्हणणार नाही, तुला तसं वाटलं आणि ज्या मुलीने शाळेची सगळी वर्षं मागच्या बाकावर गप्प बसून काढली तिला ती रात्र किती मोठी वाटली असेल हे मला कळतं. पण त्या रात्री खोलीत अजून काय काय होतं ते बघ ना. सगळे नवीन. कोणाचीच आधीची टोळी नाही, कोणालाच तुझी शाळेतली इमेज माहीत नाही, सगळ्यांनाच बोलायला कोणीतरी हवंय, प्रत्येकजण दुसऱ्याच्या जोकवर जरा जास्तच हसतोय कारण आपल्याही जोकवर कोणीतरी हसावं म्हणून. दारं उघडी. असे आठवडे आयुष्यात फार कमी वेळा येतात, त्या रात्री तू नुसतं पाणी प्यायली असतीस तरी कोणीतरी येऊन तुला "कुठून आलीस, कोणता कोर्स" विचारणारच होतं. तू सगळं श्रेय ग्लासला देऊन टाकलंस. ते जोक तुझेच होते गं. दारू कोणाला जोक सुचवत नाही, ती फक्त "हा बोलू का नको" म्हणणारा आतला आवाज कमी करते, आणि तो आवाज सरावानेही कमी होतो, फक्त त्याला वेळ लागतो आणि पहिले काही दिवस अवघड जातात.

आणि दुसरी गोष्ट, तुला वाटतंय की बाकी सगळे हे मजेत करतायत आणि तुलाच एकटीला जड जातंय. १९९३ साली डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर ह्या दोघांनी अमेरिकेतल्या प्रिन्स्टन युनिव्हर्सिटीतल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास छापला होता, त्यांनी मुलांना विचारलं की कॅम्पसवरच्या पिण्याबद्दल तुम्हाला स्वतःला कितपत बरं वाटतं आणि बाकीच्यांना कितपत वाटत असेल. बहुतेकांचं उत्तर असं की मला स्वतःला जरा अवघडल्यासारखं होतं पण बाकीच्यांना काही वाटत नसणार. सगळे मनातून अवघडलेले आणि प्रत्येकाला वाटतंय मी एकटाच. त्यात मुलग्यांच्या बाबतीत पुढे असंही दिसलं की सेमिस्टर पुढे सरकत गेलं तसं त्यांनी आपलं स्वतःचं मत त्या काल्पनिक "सगळ्यांच्या" मताकडे सरकवलं. म्हणजे जे कोणाचंच नव्हतं ते सगळ्यांचं झालं. तुमच्या फ्लोअरवरही हेच चालू असणार, आणि ग्रुपवरच्या फोटोंनी त्यात भर पडते कारण फोटो फक्त पार्टीचे निघतात, साडेनऊला "मला बरं वाटत नाहीये" म्हणून रूमवर गेलेल्या चौघांचा फोटो कोणी काढत नाही. ते चौघं आहेत. तुझं लक्ष नव्हतं त्यांच्याकडे, आता ठेव.

"हे सगळे जातील" म्हणतेस, तर काहीजण जातील हे खरंय, तुला खोटं कशाला सांगू. जे फक्त पिण्यापुरते भेटतात ते पिणं कमी झालं की कमी भेटणार, त्यात त्यांचं वाईटही काही नाही. पण मैत्री ज्याला म्हणतात ती अजून तिथे झालेलीच नाहीये. जेफ्री हॉल म्हणून कॅन्सस युनिव्हर्सिटीत संवादशास्त्राचे प्रोफेसर आहेत, त्यांनी २०१८ मध्ये एक काम प्रसिद्ध केलं, ओळखीच्या माणसाचा मित्र व्हायला किती तास सोबत घालवावे लागतात ह्याचं, त्यातला एक भाग तर पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवरच होता. नुसत्या ओळखीतून जरा जवळीक व्हायला ५० तासांच्या आसपास, मित्र म्हणण्याइतकं व्हायला ९० च्या आसपास, आणि जिवलग व्हायला २०० च्या वर. आणि नुसतं एका वर्गात बसलेले तास त्यात फारसे उपयोगी पडत नाहीत, आपण होऊन सोबत घालवलेले लागतात. आता तू हिशोब कर. आठवड्याला तीन पार्ट्या, प्रत्येकी तीन-चार तास, तेही वीस जणांत वाटलेले, मोठ्या आवाजातल्या गाण्यात ओरडून बोललेले, आणि त्यातले साडेदहानंतरचे तर तुझ्याकडे जमाच नाहीत. तुझ्यासोबत कोणी हसलं असेल, तुला काही आतलं सांगितलंही असेल, आणि तुला ते माहीत नाही. पुढच्या वेळी ती व्यक्ती त्या गप्पांचा धागा पकडून बोलायला येईल आणि तू कोरी बघत राहशील. मैत्रीच्या दृष्टीने मला ह्याचंच सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

तास जमतात ते भलत्याच ठिकाणी. मशीनमध्ये कपडे टाकले की ते होईपर्यंत तिथेच बसून राहायचं, रूमवर जायचं नाही, कोणीतरी येतंच. लेक्चर संपल्यावर पटकन बॅग उचलून निघायचं नाही, शेजारच्या मुलीला "तू कुठे चाललीस, मी पण येते" म्हणायचं. संध्याकाळी एक चक्कर, दुकानात साबण आणायला जाताना सुद्धा दार वाजवून "येतेस का" विचारायचं. मीटिंग असलेला एखादा क्लब, नाटक, ट्रेकिंग, काहीही चालेल, अट एकच की दर आठवड्याला तीच माणसं भेटली पाहिजेत. गप्प स्वभावाच्या माणसाला हे पार्टीपेक्षा कितीतरी सोपं जातं, कारण हाताला काहीतरी काम असतं आणि बोलायचा विषय समोरच पडलेला असतो. आणि बोलून झाल्यावर "मी किती बावळटासारखी बोलले" असं वाटेलच, तेव्हा आठव की पहिल्या भेटीनंतर आपण समोरच्याला आवडलो नाही असं बहुतेकांना वाटतं आणि समोरच्याला आपण त्याहून जास्त आवडलेलो असतो. ह्यावरही अभ्यास झालेत, अगदी हॉस्टेलवर एकत्र राहणाऱ्या मुलांवरसुद्धा, आणि तिथे हा गैरसमज कित्येक महिने टिकलेला दिसला.

आणि अगं, तुझी रूममेट! तू तिचा उल्लेख एका वाक्यात संपवलास. तीन आठवड्यांची ओळख असलेली मुलगी स्वतःची पार्टी सोडून तुला धरून रूमवर घेऊन आली, बहुतेक तुझे बूटही तिनेच काढले असतील, आणि सकाळी तुला वाईट वाटू नये म्हणून "छान नाचत होतीस" म्हणाली. तू मित्र जातील म्हणून घाबरतेयस आणि ही तुझ्या शेजारच्या कॉटवर झोपतेय. तिला आधी थँक्यू म्हण, आणि नुसतं थँक्यू नको, "शनिवारचं मला काही आठवत नाही आणि मी घाबरलेय" हे खरं खरं सांग. मला वाटतं तुझ्या इथल्या पहिल्या खऱ्या गप्पा त्याच असतील.

'पार्टीवाली' ह्या नावाचं तू फार ओझं घेतलंयस. तीन आठवड्यांचं नाव आहे ते, लोकांना अजून एकमेकांची आडनावंही धड पाठ नाहीत. दोन महिन्यांनी कोणी म्हणेल "हो का, तू आधी खूप प्यायचीस ना?" आणि लगेच पुढच्या सबमिशनवर बोलायला लागेल.

आता शुक्रवार. न जाणं हा एक पर्याय आहेच आणि तुला जावंसं वाटत नसेल तर बिनधास्त जाऊ नकोस. पण तू लिहिलंयस त्यावरून तुला माणसं हवी आहेत, दारू नकोय, म्हणून मी जायला सांगेन, आणि ह्या वेळी अजिबात न पिता. कमी पिणार असं ठरवून गेलीस तर दुसऱ्या ग्लासनंतर ठरवणारी तू नसशील, म्हणून एक महिनाभर तरी शून्य, शून्य मोजायला सोपं असतं. पोटभर जेवून जा. लवकर जा, म्हणजे सगळे शुद्धीत असतात आणि आवाज कमी असतो, तेव्हाच गप्पा होतात. गेल्या गेल्या स्वतःच्या हाताने ग्लासात सोडा किंवा काहीही भरून घे आणि तो ग्लास हातातून सोडू नकोस, रिकामा हात दिसला की लोक भरायला धावतात, भरलेला ग्लास बघून नव्वद टक्के प्रश्न विचारलेच जात नाहीत. शिवाय तो तू स्वतः भरलाय, त्यात दुसऱ्याने काय घातलं ही काळजी नाही, बाथरूमला गेलीस आणि ग्लास बाहेर राहिला तर तो सरळ ओतून दे आणि नवीन घे.

कोणी विचारलंच तर "आज नाही पीत" एवढंच. चेहरा नेहमीचा, आवाज नेहमीचा, आणि लगेच पुढचा विषय. कारण देऊ नकोस कारण कारण दिलं की त्यावर चर्चा सुरू होते, "अगं एकाने काय होतंय" वगैरे. गोळ्या चालू आहेत असं खोटं सांगणाऱ्या खूप जणी मी बघितल्यात, एका रात्रीपुरतं ते चालतं पण पुढच्या आठवड्यात गोळ्या संपल्या का विचारतात, त्यापेक्षा "आज नाही पीत" हे दर आठवड्याला वापरता येतं. दोनदा नाही म्हणून झाल्यावर तिसऱ्यांदा जो ग्लास पुढे करतो तो तुझ्यासाठी करत नाहीये, त्याला स्वतःच्या पिण्याला सोबत हवीय, तिथून उठून दुसऱ्या घोळक्यात जा. आणि सिनियर असोत की कोणीही, जबरदस्तीने पाजत असतील, हरलीस तर प्यावंच लागेल असले गेम लादत असतील, तर त्याला मजा म्हणत नाहीत, ते रॅगिंग आहे, वॉर्डनकडे जायचं, एकटीने नाही तर रूममेटला घेऊन. दहा वाजता निघायचं हे आधीच ठरव आणि रूममेटला सांगून ठेव. निघताना सगळ्यांना बाय करत बसू नकोस, त्यात अर्धा तास जातो आणि दोघं तरी अडवतात.

न पिता उभी राहिलीस की तुला एक गोष्ट दिसायला लागेल, कोणाला जास्त झालीय ते. म्हणून हे तुला सांगायलाच हवं. माझ्या हॉस्टेलच्या पहिल्या वर्षी आमच्या शेजारच्या रूममधल्या मुलीला फार चढली, आम्ही तिघींनी तिला उचलून कॉटवर टाकलं, पाठीवर, उताणी, अंगावर पांघरूण घातलं, लाईट बंद केला, दार ओढून घेतलं आणि परत खाली गेलो. "झोपली की उतरेल" असं आम्हाला अगदी मनापासून वाटत होतं. मी माझी शाल आणायला वर आले म्हणून, केवळ शाल आणायला, तिच्या दारावरून जाताना गुरगुर ऐकू आली. लाईट लावला तर झोपेतच उलटी झालेली आणि ती तिच्या घशात अडकत होती. मी तिला ओढून कुशीवर केलं, बोटाने तोंड साफ केलं, ओरडले. वाचली ती. आता तिला मुलं आहेत. पण मला तो आवाज अजून ऐकू येतो, आणि मी शाल नेली असती आधीच तर, हा विचार इतक्या वर्षांनी सुद्धा येतोच.

झोपली की उतरत नाही गं, झोपल्यावरही चढतच असते, पोटात जे शेवटचं गेलेलं असतं ते नंतरही रक्तात येत राहतं. म्हणून अशा कोणाला एकटं ठेवायचं नाही. कुशीवर वळवायचं कसं ते नीट वाच. तिच्या बाजूला गुडघ्यांवर बस. तुझ्या बाजूचा तिचा हात सरळ बाहेर कर. पलीकडचा हात ओढून तिच्या तुझ्या बाजूच्या गालाखाली ठेव आणि तिथेच धरून ठेव. पलीकडचा गुडघा दुमडून उभा कर आणि तोच गुडघा स्वतःकडे ओढ, अख्खी ती आपोआप तुझ्याकडे वळते, जोर लागत नाही. मग हनुवटी जरा वर कर म्हणजे श्वासाची वाट मोकळी राहते, आणि तोंड थोडं खालच्या बाजूला, म्हणजे उलटी झाली तर बाहेर पडेल. मग पाठीवर हात ठेव आणि घड्याळ बघून श्वास मोज. मिनिटाला आठापेक्षा कमी, किंवा दोन श्वासांमध्ये दहा सेकंदांची गॅप, किंवा हाक मारून चिमटा काढून उठत नाही, अंग थंड चिकट, ओठ निळसर, झटका, झोपेत उलटी, ह्यातलं एकही दिसलं की ॲम्ब्युलन्स, आणि ती येईपर्यंत तिथून हलायचं नाही. सगळी लक्षणं दिसायची वाट बघायची नाही. पिण्याचं कायदेशीर वय कुठे १८ आहे, कुठे २१, कुठे त्याहूनही जास्त, म्हणून "आपण पकडले जाऊ" ह्या भीतीने मुलं फोन लावत नाहीत, हॉस्टेलवाले काय म्हणतील, घरी कळेल. कळू दे. हे सगळं आज रूममेटलाही वाचायला दे आणि तिच्यावरच एकदा करून बघ, कॉटवर, दोन मिनिटं लागतात.

एक महिना शून्यावर राहायचं ठरवलंस आणि दोनतीनदा जमलंच नाही, किंवा पार्टी नसताना, एकटी असताना, उद्या प्रेझेंटेशन आहे म्हणून घ्यावीशी वाटली, तर युनिव्हर्सिटीच्या काउन्सेलरकडे जा, वाट बघू नकोस. खरं तर मी म्हणेन तशीही जाच. लोकांसमोर बोलता न येणं, त्याने छाती धडधडणं, ह्याच्यावर उपाय आहेत, बोलून करायचे, टप्प्याटप्प्याने सराव करायचे, आणि त्यांचा गुण येतो. तू इतकी वर्षं त्याला स्वभाव समजून सोडून दिलंस आणि मग जो पहिला उपाय समोर आला तो धरलास. कोणी तुला आधी सांगितलं नाही ह्याचं मला वाईट वाटतं.

राहिली आई. सांग. पण आत्ता रात्री अकराला रडत रडत फोन नको, ती तिकडे रात्रभर जागी राहील आणि पहिली गाडी पकडेल. दिवसा सांग, सुट्टीच्या दिवशी, तिचं काम आवरलेलं असेल तेव्हा, तुझं खाणंपिणं आणि झोप झालेली असताना. तुझी आई कशी आहे ते तू जाणतेस, मी नाही, आणि घरात ह्यावरून मारहाण होईल, शिक्षण बंद करतील अशी खरी भीती असेल तर आधी मावशी, मोठी बहीण, कोणीतरी तुझ्या बाजूची मोठी बाई निवड. पण ती फक्त रागावेल, रडेल, चार दिवस रोज तीनदा फोन करेल, एवढीच भीती असेल तर ते सोसण्यासारखं आहे. तिच्यापासून लपवायला लागलीस की दर रविवारचा फोन खोटा होत जातो, आणि घरापासून लांब असताना तोच एक फोन असतो जिथे तुला बोलायला कधीच ग्लास लागला नाही. पहिलं वाक्य "आई, मी ठीक आहे" हेच म्हण, तिला ते ऐकू दे, मग शनिवारचं सांग.